तिसऱ्या दिवशी डोके भणभणते, ते किती दिवस?

तुम्ही विचारले ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे तुमच्यासारख्याच अवस्थेत बसलेल्या दुसऱ्या कुणालाही हे वाचता येईल. वय 41. गोव्यात कुंडईला कारखान्यात शिफ्टची नोकरी. वीस वर्षे सिगारेट, दिवसाला पंधरा-सोळा, त्यातली पहिली उठल्यावर दहा मिनिटांत. रविवारी रात्री शेवटची ओढली, आज बुधवार. डोके भणभणते, कामात लक्ष लागत नाही, काल मुलावर विनाकारण ओरडलात, पोट साफ होत नाही, रात्री दोनला जाग येते आणि खोकला कमी व्हायचा तर उलट वाढला आहे. याआधी दोनदा सोडून झाली. पहिल्या वेळी सहा दिवस टिकलात, दुसऱ्या वेळी अडीच महिने, आणि मग गणेश चतुर्थीत मोडले. हे सगळे सिगारेट सोडल्यामुळेच का, किती दिवस चालणार, निकोटिनची गम घ्यावी की तिचीही सवय लागेल, आणि माझ्यात तेवढी इच्छाशक्ती आहे का, हे तुमचे चार प्रश्न.

मी फोंडा तालुक्यात डॉक्टर आहे आणि गेली चौदा वर्षे तंबाखू सोडवण्याचे काम मुद्दाम करतो. चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या लिहिण्यावरून तोच तुम्हाला आतून खातो आहे असे दिसते. वीस वर्षांची सिगारेट सोडून सहा दिवस नुसत्या दातओठ खाण्यावर काढले, त्या माणसाकडे इच्छाशक्ती नाही असे मी म्हणणार नाही. तुम्ही दोन्ही वेळा औषधाशिवाय सोडलीत आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या कारणाने पुन्हा धरलीत. सहाव्या दिवशी तुम्हाला रक्तातल्या सवयीने ओढून नेले. अडीच महिन्यांनी नेले ते जागेच्या आणि वेळेच्या सवयीने, कारण तोवर रक्तात निकोटिनचा अंशही उरलेला नव्हता. ही दोन दुखणी आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि बहुतेक जण एकाचाच बंदोबस्त करून मैदानात उतरतात.

आता रक्तातल्या सवयीचे. धूर आत गेला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचते. इतक्या वेगाने पोचते म्हणूनच ते इतके पकडून ठेवते. पण रक्तातली त्याची मात्रा साधारण दर दोन तासांनी निम्मी होते. दिवसाला पंधरा ओढणारा माणूस तासाभराने पुन्हा पाकिटाकडे वळतो तो मौजेसाठी नव्हे, घसरलेली मात्रा परत जागेवर आणण्यासाठी. रात्रभर झोपेत ती पार खाली जाते, म्हणून सकाळची पहिली इतकी गोड लागते. दोन-तीन दिवसांत शरीरातले निकोटिन जवळपास संपते. मेंदूत मात्र त्याला धरून ठेवणाऱ्या जागा वीस वर्षांत वाढलेल्या असतात, आणि त्या सगळ्या एकदम रिकाम्या होतात. वाड्यावर पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, यायचा बंद झाला तर पहिले काही दिवस लोक त्याच्या भोंप्याच्या वेळेला पिशवी घेऊन दारात उभे राहतीलच, कुरकुरतील, एकमेकांवर चिडतील. मग हळूहळू उभे राहायचे बंद होतील. तुमच्या डोक्यात आज दारात उभे राहणाऱ्यांची गर्दी आहे. दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात कठीण. म्हणजे आज.

आठवड्याच्या शेवटी धार कमी होईल. चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणे हे दोन ते चार आठवड्यांत उतरते. भूक वाढलेली राहते ती जरा जास्त, दोन-अडीच महिने. मेंदूतल्या त्या वाढलेल्या जागा मूळच्या संख्येवर यायला एक ते तीन महिने लागतात. सुरुवातीला दिवसातून वीस वेळा तलफ येते, तिसऱ्या आठवड्यात चार-पाच वेळा. आणि प्रत्येक तलफ, कितीही जोराची असली तरी, तीन ते पाच मिनिटांत ओसरते, तुम्ही ओढा किंवा नका ओढू. हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसते. त्यांना वाटते, ओढली नाही तर ती वाढतच जाईल.

पोट साफ न होणे हेही निकोटिन गेल्याचेच लक्षण, कारण आतड्यांची हालचाल ते वाढवत होते. भरपूर पाणी, पालेभाजी, रात्री पपई किंवा केळे, आणि सकाळी अर्धा तास चालणे. दोन-तीन आठवड्यांत ठीक होते. तोंड येणे, तोंडाला चव नसणे हेही काही जणांना होते आणि जाते.

खोकल्याबद्दल घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला केसांपेक्षा बारीक तंतू असतात, त्यांचे काम कफ वर ढकलण्याचे. धुराने ते लुळे पडलेले असतात. सिगारेट थांबली की ते पुन्हा हलू लागतात आणि साठलेला कफ वर येऊ लागतो, त्यामुळे काही दिवस खोकला वाढल्यासारखा वाटतो. तरीही आपल्याकडे नियम सरळ आहे: खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन उतरले किंवा कफात रक्त दिसले, तर जवळच्या आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्यायचा. ‘सिगारेट सोडल्याचा खोकला आहे’ म्हणून महिनोन्महिने बसून राहिलेले लोक मी पाहिले आहेत. तपासणी करून काहीच निघाले नाही तर उत्तमच.

झोपेचे कारण मात्र तुम्हाला कुणी सांगितले नसेल, आणि ते तुमच्या चहाच्या कपात आहे. सिगारेटच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतले कॅफीन नेहमीपेक्षा फार वेगाने संपवते. धूर थांबला की काही दिवसांतच तो वेग खाली येतो. चहाचे कप मात्र तेवढेच राहतात, उलट हाताला चाळा म्हणून वाढतात. मग तेच कॅफीन रक्तात जवळपास दुप्पट साठते, छाती धडधडते, हात थरथरतात, झोप येत नाही, आणि माणसाला वाटते हे सगळे निकोटिनसाठी चालले आहे. तुम्ही दिवसात किती चहा पिता ते लिहिलेले नाही, पण शिफ्टमधल्या माणसाचे सहा-सात कप सहज होतात. आजपासून ते निम्मे करा, आणि संध्याकाळी पाचनंतर एकही नको. हा एक बदल केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ‘आज बरे वाटतेय’ असे सांगणारे बरेच असतात.

याच कारणाने, दम्यासाठी थिओफायलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलांझापिन अशी औषधे चालू असतील, तर सिगारेट सोडल्याचे आपल्या डॉक्टरांना लगेच सांगायला हवे. मात्रा कमी करावी लागते. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनीही पहिल्या महिन्यात साखर जरा जास्त वेळा तपासावी.

आता गम. तिचीही सवय लागेल का, हा प्रश्न मला रोज विचारला जातो, आणि या भीतीपायी लोक दिवसाला दोनच गम चघळतात, तलफ भागत नाही, आणि आठव्या दिवशी ‘गम माझ्यावर चालत नाही’ म्हणून चहा-सिगारेटच्या गाड्यावर उभे राहतात. गममधले निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून हळूहळू झिरपते, त्याला मेंदूत पोचायला मिनिटे लागतात. व्यसन लावतो तो धुराचा वेग, तो हिच्यात नाही. आणि कॅन्सर, हृदयविकार, दमा हे देणारी जी हजारो रसायने धुरात असतात, ज्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोगकारक आहेत, ती गममध्ये नाहीत. काही थोडे लोक ती ठरल्यापेक्षा जास्त महिने घेत राहतात, हे खरे. मला त्यांची काळजी सिगारेट ओढणाऱ्यांच्या तुलनेत फारच कमी वाटते.

उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागते, त्याला 4 मिलिग्रॅमची गम लागते. तुमची दहा मिनिटांत होती, म्हणजे तुम्हाला 4 चीच. 2 मिलिग्रॅमची औषधाच्या दुकानात सहज मिळते, 4 साठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला निदान नऊ-दहा. तलफ येण्याची वाट न पाहता, घड्याळ बघून. 24 च्या वर मात्र जायचे नाही. सातव्या आठवड्यापासून अंतर वाढवून दोन-चार तास, दहाव्यापासून चार-आठ तास, आणि बाराव्या आठवड्याच्या शेवटी बंद.

आणि चघळण्याची पद्धत. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांचे इथेच चुकते, म्हणून मी पहिली गम माझ्यासमोर तोंडात टाकायला लावतो. ही पान-सुपारीसारखी कचाकचा चावायची वस्तू नाही. सावकाश चावा, आठ-दहा वेळा. जिभेला मिरीसारखा तिखट चुरचुरीत स्वाद लागला की थांबा, आणि ती गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्या. काहीच करू नका. मिनिटभराने चुरचुर कमी होते. पुन्हा थोडी चावा, चुरचुर आली की दुसऱ्या गालात ठेवा. असे अर्धा तास. सारखी चावत राहिलात तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, तिथे त्याचा उपयोग होत नाही, वर उचकी लागते आणि छातीत जळजळते. अजून एक: गम घेण्याआधी पंधरा मिनिटे आणि तोंडात असेपर्यंत काही खायचे-प्यायचे नाही. विशेषतः आंबट. आंबट पदार्थाने तोंडातून निकोटिन झिरपणे थांबते. जेवणाच्या शेवटी सोलकढीचा पेला रिकामा करून लगेच गम घेतली तर ती वाया गेली. आधी पाण्याने चूळ भरा, पंधरा मिनिटे थांबा, मग घ्या. जेवणानंतरची सिगारेट तुमची ठरलेली असणार, म्हणून ती पंधरा मिनिटे कशी घालवायची ते आधीच ठरवून ठेवा. ताटे उचलणे, भांडी घासणे हे मी सुचवतो. हात ओले असले की सिगारेट धरता येत नाही, आणि घरी बायकोलाही बरे वाटते.

पट्टी, म्हणजे निकोटिनचा पॅच, मिळाला तर त्याहून चांगले. पट्टी दिवसभर खालची पातळी धरून ठेवते आणि वर आलेल्या तलफेला गम. ही जोडी एकट्या गमपेक्षा जास्त लोकांची सिगारेट सोडवते. दिवसाला दहाहून जास्त ओढणाऱ्याला 21 मिलिग्रॅमची पट्टी सहा आठवडे, मग 14 ची दोन, मग 7 ची दोन आठवडे. दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी, रोज जागा बदलून. आपल्याकडे घामाने ती सुटते, म्हणून आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडे झाल्यावर तळव्याने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. रात्री फार स्वप्ने पडू लागली तर झोपताना काढून ठेवा. पट्टी आणि गम दोन्ही घेतल्यावर गम मात्र तलफ येईल तेव्हाच, घड्याळ बघून नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असेल, ठोके अनियमित असतील किंवा बाई गरोदर असेल, तर यातले काहीही डॉक्टरांना विचारूनच.

गोळ्याही आहेत. व्हॅरेनिक्लिन मेंदूतल्या त्याच जागांवर अर्धवट बसते, त्यामुळे तलफ कमी होते आणि कुणी ओढलीच तर मजा येत नाही. नेहमी सोडण्याच्या आठवडाभर आधी सुरू करतात आणि बारा आठवडे देतात. मळमळ होते म्हणून भरल्या पोटी घ्यायची. बुप्रोपियॉन ही दुसरी, पण फिट येण्याचा इतिहास असलेल्याला चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची मार्गदर्शिका काढली, तिच्यात निकोटिनच्या गम-पट्ट्यांबरोबर या दोन्ही आहेत. तुम्ही आधीच सोडलेली आहे, त्यामुळे आज तुम्हाला गमच. दोन आठवड्यांनी अडले तर गोळीचे बघू.

ई-सिगारेटवर या, असे सांगणारे मित्र भेटतील. आपल्या देशात तिच्या विक्रीवर 2019 पासून बंदी आहे, चोरून येणाऱ्या मालात काय भरले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. तो रस्ता नको. ‘लाइट’ सिगारेट किंवा ‘नुसती विडी’ हाही नको. माझे वडील विडीच ओढत, ‘पानाची आहे, कागदाची नव्हे’ असे म्हणत. शेवटची चार वर्षे त्यांना आडवे झोपता आले नाही. रात्री ओसरीवर खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, ओठ मिटत-उघडत ते श्वास सोडायचे, आणि आई पाठीमागे उभी राहून त्यांची पाठ चोळायची. मी हे काम का धरले असे कुणी विचारले तर मला ती खुर्ची आठवते.

मुलावर ओरडलात त्याचे तुम्हाला फार लागले आहे. त्याला आज सांगा, सरळ शब्दांत: ‘मी सिगारेट सोडलीय, त्याने थोडे दिवस मला राग येणार आहे, तो तुझा नाही.’ मुले हे मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात. माझ्याकडे येणाऱ्या एकाच्या मुलीने कॅलेंडरवर रोज रात्री रंगीत पेन्सिलीने चौकोन भरायला घेतला. तो गृहस्थ मला म्हणाला, ‘डॉक्टर, तिची पेन्सिल बघून मला ओढवतच नाही.’ आणि रागाचे खरे काय आहे तेही ऐका. सिगारेटने टेन्शन जाते असे तुम्हाला वीस वर्षे वाटत आले. ती फक्त आधीच्या सिगारेटची मात्रा उतरल्यामुळे आलेली बेचैनी घालवत होती, आणि तासाभराने तीच बेचैनी परत आणून देत होती. सोडून दोन-तीन महिने झालेल्यांचे मन आधीपेक्षा शांत असते, त्यांनाच त्याचे नवल वाटते. मात्र उदासी दोन आठवड्यांहून जास्त राहिली, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर थांबू नका. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे, दिवस-रात्र चालतो, आणि बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत उपचार मिळतात.

इथवर रक्तातल्या सवयीचे झाले. तिला मुदत आहे. दुसरीला मुदत नाही, ती ठिकाणांवर बसून तुमची वाट बघते.

आज रात्री एक कागद घ्या आणि पंधराही सिगारेटी लिहून काढा. किती वाजता, कुठे, कुणाबरोबर, आधी काय केले होते. आळस केलात तरी पहिल्या सात लिहाच. डिचोलीच्या बाजूच्या एका ट्रकवाल्याने माझ्यासमोर बसून असा कागद लिहिला होता. लिहिताना त्याचा डावा हात सारखा शर्टाच्या खिशावर जात होता, रिकाम्या, आणि परत मांडीवर येत होता. त्याला ते कळतही नव्हते. मी दाखवले तेव्हा तो बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने बिनखिशाचे टी-शर्ट घालायला सुरुवात केली. हे वाचायला बारीक वाटेल, पण हात खिशाकडे गेला की मन मागोमाग जाते, आणि हात जाईल अशी जागाच त्याने ठेवली नाही.

तुमच्या कागदावर काय असेल याचा मला थोडा अंदाज आहे. उठल्यावर शौचाला जाण्याआधी एक. बाईक काढायच्या आधी गेटजवळ एक. कारखान्याच्या बाहेर गाड्यावर चहाबरोबर एक, तिथे सुटी सिगारेट मिळते म्हणून. ब्रेकमध्ये दोन. सुटताना एक. जेवणानंतर. झोपण्याआधी ओसरीवर. या प्रत्येक ठिकाणी एक तरी गोष्ट बदला: जागा, क्रम किंवा सोबत. उठल्याबरोबर आधी दात घासा आणि आंघोळ, चहा नंतर. कारखान्याच्या गाड्यावरून दोन महिने चहा घेऊ नका, घरून थर्मास न्या. गाड्यावाल्याला एकदा सांगून टाका की मी सोडली आहे, मागितली तरी देऊ नकोस. तो ऐकतो. आपल्याकडचे गाडेवाले गिऱ्हाईकाला नावाने ओळखतात, आणि माझ्या अनुभवात त्यांनी शब्द पाळला आहे. घरातले लायटर, ॲशट्रे, कपाटात मागे पडलेले पाकीट, बाईकच्या डिकीतले एखादे थोटूक, सगळे आजच बाहेर. ‘अडीअडचणीला एक असू दे’ म्हणून ठेवलेली सिगारेट रात्री दोनला जाग आली की ओढली जाते.

तलफ आली की करायचे काय, हे आधीच पाठ असू द्या, कारण त्या क्षणी डोके चालत नाही. घड्याळात बघा. पाण्याचा घोट घोट ग्लास. लांब श्वास नाकाने आत, तोंडाने सावकाश बाहेर, दहा वेळा. जागेवरून उठून दुसरीकडे जा. बडीशेप, लवंग, भाजलेले चणे, काहीही तोंडात, फक्त सुपारी-मसाला आणि गोड नको. पाच मिनिटे झाली की पुन्हा घड्याळात बघा. पहिल्या दिवसांत ही पाच मिनिटे फार लांब वाटतात, म्हणून घड्याळ लागते.

वजनाचे विचारले नाहीत, पण महिन्याभराने विचाराल. सरासरी चार-पाच किलो वाढते, वर्षभरात. काहींचे वाढतच नाही. आत्ता त्यासाठी उपाशी राहू नका, भुकेने तलफ वाढते. वजन नंतर उतरवता येते.

दारूबद्दल स्पष्ट बोलतो. निदान पहिले सहा आठवडे नको. फेणी असो, हुर्राक असो की बिअर, दोन घोटांनंतर तुमचा निश्चय सैल होतो आणि बाजूचा माणूस पाकीट पुढे करतो. माझ्याकडे परत आलेल्यांच्या गोष्टी ऐकल्या तर निम्म्या तरी दारूच्या टेबलाशी सुरू होतात. ‘सगळेच ओढतात’ असेही त्या टेबलावर वाटते. प्रत्यक्षात 2016-17 च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात गोव्यातले 9.7 टक्के प्रौढ कोणत्याही रूपात तंबाखू वापरणारे निघाले, देशात ते प्रमाण 28.6 टक्के होते, आणि राज्यांत गोवा सगळ्यात खाली होता. दहातले नऊ जण ओढत नाहीत. तुमची ऊठबस फक्त त्या दहाव्याबरोबर होत आली आहे.

मिळाले काय, तेही सांगतो, कारण आज तुम्हाला फक्त गेलेले दिसते. रविवारची शेवटची विझवल्यावर वीस मिनिटांत नाडीचा वेग उतरू लागला. सोमवारी दुपारपर्यंत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड सामान्य झाला. तोच वायू प्राणवायूची जागा अडवून बसतो. माझ्याकडे फुंकून बघायचे छोटे यंत्र आहे, ओढणाऱ्याचा आकडा वीस-तीसवर जातो आणि दोन दिवस न ओढलेल्याचा दोन-तीनवर येतो. तो आकडा बघून डोळे भरून आलेले पुरुष मी पाहिले आहेत. दोन ते बारा आठवड्यांत रक्ताभिसरण आणि फुप्फुसे सुधारतात. कुंडईच्या चढावर चालताना ते तुमच्या लक्षात येईल. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्मा होतो. तुम्ही 41 चे आहात, हे सगळे हिशेब तुमच्या बाजूचे आहेत.

राहिली चतुर्थी. पाऊस आत्ता सुरू झाला आहे, म्हणजे यंदाही ती तुमच्या अडीच महिन्यांवरच येते. गेल्या खेपेस काय झाले ते तुम्ही लिहिले आहे: आदल्या रात्री माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळा-भाज्यांची चौकट, बांधताना मुंबईहून आलेला चुलतभाऊ, मागल्या दारी पाऊस बघत दोघे उभे, त्याने पेटवली आणि तुमच्याकडे केली, ‘एकच, वर्षाने भेटतोय’. तुम्ही म्हणता त्या एकीने काही वाटलेही नाही, चवच लागली नाही. विसर्जनापर्यंत मात्र पाकीट तुमच्या खिशात होते. अडीच महिने सोडलेल्या माणसाच्या मेंदूला त्या ‘एकी’ची ओळख पुसलेली नसते, एका झुरक्यात ती जागी होते. म्हणून तुमच्यासाठी नियम एकच: एक झुरकाही नाही, कुणाच्याही हातून नाही.

त्या भावाला आत्ताच फोन करा, चतुर्थीच्या आदल्या रात्री नव्हे. सांगा की मी सोडली आहे, माझ्यापुढे पाकीट काढू नकोस, घराच्या आवारात तर नकोच. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका. माटोळीच्या रात्री तुम्ही शिडीवर राहा, खालून चिबूड, आंबाडे, सुपारी कुणीतरी देत राहील. दोन्ही हात वर गुंतलेले असतात आणि मागल्या दारी जायला वेळ नसतो. खिशात गमची स्ट्रिप ठेवा, तेव्हा तुमची दिवसाची मात्रा दोन-तीनवर आलेली असेल तरी त्या पाच दिवसांत वाढवायला हरकत नाही. भजनाला बसत असाल तर झांजा हातात घ्या. आणि समजा, सगळे करूनही एक ओढली गेलीच, तर पाकीट विकत घ्यायचे नाही, ‘आता विसर्जनानंतर बघू’ म्हणायचे नाही, गम चालू ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला किंवा 1800-11-2356 ला फोन करायचा. हा सरकारी मदतीचा फुकट नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो.

उद्या तुमची सकाळची शिफ्ट आहे असे लिहिले आहे. आज संध्याकाळीच चिठ्ठी घेऊन 4 मिलिग्रॅमची गम आणा, थर्मास धुऊन ठेवा, शर्टाऐवजी टी-शर्ट काढून ठेवा. उद्या उठल्यावर दात घासून झाले की पहिली गम, चहा तिच्यानंतर. शनिवारी दुपारी दवाखान्यात या, यंत्रात फुंकून बघू आणि पुढच्या आठवड्याची मात्रा ठरवू. मुलालाही आणलेत तर आकडा त्यालाच वाचू दे.